गृहस्थाचे वाङ्मय तप

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवान् श्रीकृष्णांनी शारीर, वाङ्मय आणि मानस असे तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ‘तप’ हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे अरण्य, पर्णकुटी आणि पंचाग्नी साधणारा ऋषी उभा राहतो. आणि ‘आपण संसारी माणसे, हे आपल्यासाठी नव्हे’ असे मनाशी म्हणून आपण पुढच्या श्लोकाकडे वळतो. परंतु ह्या तिहींपैकी मधले जे वाङ्मय तप, ते अरण्यात फारसे साधण्याजोगे नाहीच. अरण्यात बोलणार कोणाशी? वृक्ष उलट उत्तर देत नाहीत आणि ओढा कोणाचा अपमान करीत नाही. वाणीची परीक्षा व्हावयाची ती माणसांच्या सहवासात. वृद्ध आईवडील, पत्नी, वयात आलेला मुलगा, सासरहून आलेली बहीण, कार्यालयातील वरिष्ठ आणि हाताखालचे लोक, दाराशी येणारा भाजीवाला, ह्या सर्वांशी सकाळपासून रात्रीपर्यंत ज्याला बोलावे लागते, तो गृहस्थच ह्या तपाचा खरा अधिकारी होय.

भगवंतांनी ह्या तपाची लक्षणे मोजकी दिली आहेत. वाक्य अनुद्वेगकर असावे, सत्य असावे, प्रिय असावे, हितकर असावे. आणि ह्याच्या जोडीला स्वाध्यायाचा अभ्यास असावा. श्रीमत् शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात येथे एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली आहे. हे चारही गुण एकत्र असले पाहिजेत. त्यांतील एक, दोन किंवा तीन जरी उणे असले, तरी ते बोलणे वाङ्मय तप ठरत नाही. सत्य आहे पण अप्रिय आहे, तर ते तप नव्हे. प्रिय आहे पण असत्य आहे, तर तेही नव्हे. सत्यही आहे, प्रियही आहे, पण ऐकणाऱ्याचे त्यात काही हित नाही, तर तेसुद्धा नव्हे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही ह्याच आशयाची आज्ञा आहे: सत्य बोलावे, प्रिय बोलावे, अप्रिय सत्य बोलू नये, आणि प्रिय वाटते म्हणून असत्यही बोलू नये.

हे वाचून पुष्कळांच्या मनात एक शंका येते, आणि ती प्रामाणिक आहे. जगात अप्रिय सत्ये असतातच. मुलगा अभ्यास करीत नाही, हिशेबात घोटाळा झाला आहे, भावाने वाईट संगत धरली आहे, हे गोड करून कसे सांगावे? न सांगितले तर कर्तव्यात कसूर होते. सांगितले तर मन दुखावते. मग हे तप म्हणजे तोंडदेखले गोड बोलण्याचा उपदेश आहे काय? ह्या शंकेचे उत्तर मी पोथीतून शिकलो असतो तर बरे झाले असते. परंतु ते मला माझ्या हातून घडलेल्या एका अपराधातून शिकावे लागले, म्हणून तो प्रसंग येथे सांगतो.

माझा व्यवसाय भाषांतराचा आहे. पाठशाळेत व्याकरण आणि वेदान्त शिकून मी संस्कृत ग्रंथांचे मराठी भाषांतर करू लागलो. काही वर्षांपूर्वी मी ज्या ठिकाणी हे काम करीत होतो, तेथे एक वृद्ध मुद्रितशोधक होते. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. त्यांचे संस्कृत शाळेपुरतेच. परंतु छापील मजकूर वाचण्याचा त्यांचा अनुभव चाळीस वर्षांचा. ते नुसती अक्षरे सुधारीत नसत; अर्थ कोठे अडला, तर समासात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत प्रश्न लिहीत, “येथे असे असावे काय?” त्यांच्या ह्या प्रश्नांनी माझ्या कितीतरी चुका छापण्यापूर्वीच थांबल्या होत्या. पुढे वयोमानाने त्यांची दृष्टी मंदावली. अनुस्वार सुटू लागले, वेलांटी आणि उकार चुकू लागले. एके दिवशी सर्व मंडळी बसलेली असता मी एक पान त्यांच्यापुढे धरले आणि म्हणालो, “काका, ह्या एका पानावर सतरा चुका राहिल्या आहेत. तुम्हांला आता दिसत नाही, हे तुम्ही मान्य का करीत नाही?”

चुका सतराच होत्या. मी मोजल्या होत्या. म्हणजे माझे बोलणे सत्य होते. ग्रंथ शुद्ध छापला जावा ह्यासाठी मी बोललो, म्हणजे ते हिताचेही होते, असे मी त्या रात्री स्वतःस समजावले. काका काही बोलले नाहीत. त्यांनी पान घेतले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचावयास बसले. त्यानंतर मुद्रिते पूर्वीपेक्षा पुष्कळ शुद्ध येऊ लागली, आणि आपल्या स्पष्टवक्तेपणाचा उपयोग झाला असे मला वाटले. समासातील शिसपेन्सिलीचे प्रश्न बंद झाले आहेत, हे माझ्या लक्षातच आले नाही.

पाच-सहा महिन्यांनी एक ग्रंथ छापून आला. त्यात एका निषेधवाक्यातील ‘न’ माझ्याच हस्तलिखितात सुटला होता, आणि त्यामुळे जे करू नये असे शास्त्रकार म्हणतात, ते करावे असा अर्थ झाला होता. प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवावे लागले. मी काकांना एकांतात विचारले, “काका, हे वाक्य वाचताना तुम्हांला काही खटकले नाही काय?” ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, खटकले होते. पण मनात म्हटले, आता आपल्याला दिसत नाही. तेव्हा ही चूक पानावर नसेल, आपल्याच डोळ्यांत असेल.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपे गेले असते. त्यांनी माझे वाक्य खरे मानून पदरी बांधले होते, एवढेच.

त्या दिवसानंतर मी ‘अनुद्वेगकर’ हा शब्द पुन्हा उघडून पाहिला. भाषांतरकाराची खोड अशी की, पेच पडला म्हणजे तो धातूपाशी जातो. ‘उद्वेग’ ह्या शब्दात ‘उद्’ हा उपसर्ग आणि ‘विज्’ हा धातू आहे. ह्या धातूचा अर्थ भिणे, थरथरणे, दचकून मागे सरणे असा आहे. मराठीत आपण उद्वेग शब्द खेद किंवा वैताग ह्या अर्थी वापरतो, म्हणून मूळचा हा कंप आपल्या ध्यानात येत नाही. स्वस्थ बसलेले पाखरू खडा पडताच फडफडून उडते, ती त्याची अवस्था म्हणजे उद्वेग. तेव्हा अनुद्वेगकर वाक्य म्हणजे ज्याने ऐकणारा आपल्या स्थानावरून ढळत नाही, आतल्या आत आक्रसून जात नाही, असे वाक्य. ते गोड असेलच असे नाही. औषध कडू असले तरी वैद्याचा हात प्रेमळ असेल, तर रोगी तोंड उघडतो. आणि हात दांडगा असेल, तर मधाची वाटी पुढे केली तरी तो दात आवळून घेतो.

येथे वरील शंकेचे निरसन होते. भगवंतांनी अप्रिय वस्तुस्थिती झाकावयास सांगितलेले नाही. ती सांगताना समोरच्याचे अंतःकरण बंद पडू देऊ नका, असे सांगितले आहे. माणसामाणसांतील बोलणे ही दुहेरी वाट आहे. माझे सत्य तिच्यावरून त्याच्याकडे जाते आणि त्याचे सत्य तिच्यावरूनच माझ्याकडे येते. मी असे काही बोललो की तो भ्याला, तर माझे सत्य त्याच्यापर्यंत कदाचित पोचेलही. परंतु त्याचे सत्य पुन्हा माझ्याकडे येणार नाही. काकांच्या बाबतीत हेच घडले. मी सतरा अनुस्वार-वेलांट्या वाचविल्या आणि एक ‘न’ घालविला.

गीतेत हा धातू आणखी काही मार्मिक स्थळी आला आहे, तीही पाहण्याजोगी आहेत. दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे वर्णन करताना, दुःखात ज्याचे मन अनुद्विग्न राहते तो, असे म्हटले आहे. पाचव्या अध्यायात, अप्रिय प्राप्त झाले असता ज्ञानी पुरुषाने उद्विग्न होऊ नये, असे सांगितले आहे. बाराव्या अध्यायात तर दोन्ही बाजू एकाच ठिकाणी आल्या आहेत: ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही, आणि लोकांपासून ज्याला उद्वेग होत नाही, तो भक्त मला प्रिय आहे. ही स्थळे एकत्र ठेवली म्हणजे क्रम स्पष्ट होतो. ज्याचे स्वतःचे मन थरथरत आहे, त्याच्या तोंडून निघालेला शब्द दुसऱ्याला थरथरविल्याशिवाय राहत नाही. आपण रागाने बोलतो, तेव्हा बहुधा आतून भ्यालेलो असतो. काम वेळेत होणार नाही म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून, मुलगा हाताबाहेर जाईल म्हणून. म्हणूनच की काय, भगवंतांनी ‘मौन’ हे वाणीच्या तपात न घालता पुढच्या श्लोकात मनाच्या तपात घातले आहे; आणि आचार्यांनीही तेथे असाच खुलासा केला आहे की, वाणीचा संयम मनाच्या संयमापासूनच उत्पन्न होतो. जीभ गप्प आणि मनात कलह, तर ते मौन नव्हे. तो नुसता अबोला.

आता ह्या तपाचे आदर्श उदाहरण कोठे पाहावे? दूर जावयास नको. सबंध गीता हाच एक संवाद आहे, आणि तो बोलणारा स्वतः भगवान् आहे. परंपरेने गीतेचे ७०० श्लोक मोजतात, त्यांपैकी ५७४ श्रीकृष्णांच्या मुखी आहेत, ८४ अर्जुनाच्या, ४१ संजयाच्या आणि १ धृतराष्ट्राच्या. हे आकडे पाहून वाटेल की, येथे एकानेच बोलावे आणि दुसऱ्याने ऐकावे असा प्रकार आहे. परंतु आरंभ पाहा. पहिल्या अध्यायात भगवंतांच्या मुखी एकच लहानसे वाक्य आहे: हे जमलेले कौरव पाहा. त्यापुढे अर्जुन बोलत जातो. त्याचे हात कापतात, धनुष्य गळते, तो कुलक्षयाचे तर्क मांडतो, शेवटी रथात बसून राहतो. आणि भगवान् ऐकत असतात. मध्येच “अरे, पण माझे ऐक” असे ते म्हणत नाहीत. दुसऱ्या अध्यायात दोन श्लोक बोलून ते पुन्हा थांबतात, आणि अर्जुन आणखी पाच श्लोक आपले मन उघडतो. मी तुझा शिष्य आहे, मला शिकव, असे जेव्हा तो आपण होऊन म्हणतो, त्यानंतरच उपदेशाला प्रारंभ होतो. न विचारता दिलेला उपदेश आणि विचारल्यावर दिलेला उपदेश ह्यांतले अंतर भगवंतांनी असे आचरून दाखविले आहे.

पुढेही पाहा. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन चक्क तक्रार करतो की, तुझ्या मिश्र बोलण्याने माझ्या बुद्धीला मोह पडल्यासारखा झाला आहे. चौथ्यात तो शंका घेतो की, सूर्याचा जन्म आधीचा, तुझा अलीकडचा. मग तू हे त्याला सांगितलेस हे मी कसे मानावे? पाचव्यात पुन्हा विचारतो की, दोन्हींची प्रशंसा करतोस, त्यांतले एक निश्चित सांग. सहाव्यात म्हणतो की, मनाच्या चंचलतेमुळे हा योग टिकेल असे मला दिसत नाही. आपल्या घरात मुलाने एवढे प्रश्न विचारले असते, तर तिसऱ्या प्रश्नालाच आपण “मोठा शहाणा लागून गेलास” असे म्हटले असते. भगवान् एकदाही तसे म्हणत नाहीत. अर्जुन विचारू शकतो, ह्यातच त्या वाणीचे अनुद्वेगकरत्व सिद्ध होते. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, सर्व सांगून झाल्यावर, भगवान् म्हणतात की, ह्याचा संपूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. नंतर ते विचारतात, एकाग्र चित्ताने ऐकलेस ना? तुझा मोह गेला ना? जगद्गुरू असूनही, आपले बोलणे पोचले की नाही हे ऐकणाऱ्यालाच विचारण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

कोणी म्हणेल, भगवंतांनी अर्जुनाला कठोर शब्द वापरले नाहीत काय? वापरले. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच त्याच्या अवस्थेला ते क्लैब्य म्हणतात, हृदयाचे क्षुद्र दौर्बल्य म्हणतात. परंतु त्याच श्लोकात संबोधने कोणती आहेत? पार्थ आणि परंतप. पार्थ म्हणजे पृथेचा पुत्र, ह्यात आप्तभाव आहे. परंतप म्हणजे शत्रूंना ताप देणारा, ह्यात त्याच्या पराक्रमाचे स्मरण आहे. दोष दाखविताना त्याची थोरवी त्याच श्वासात त्याच्यापुढे ठेवली आहे. त्याच महायुद्धात दुसरा एक रथ होता आणि दुसरा एक सारथी होता, हे आपण विसरू नये. कर्णाच्या रथावर शल्य बसला. कर्णाचे तेज घालवावे अशी युधिष्ठिराने शल्याला आधीच विनंती केली होती आणि शल्याने ती मान्य केली होती. उद्योगपर्वात ही कथा आहे. पुढे कर्णपर्वात तो रथ हाकता हाकता कर्णाला हंस आणि कावळा ह्यांची गोष्ट सांगतो. उष्ट्यावर माजलेला कावळा हंसाशी पैज लावून समुद्रावर कसा थकून पडला, आणि तू तसा कावळा आहेस, असे सुचवितो. अर्जुनाचे श्रेष्ठत्व सांगण्यात शल्य सर्वस्वी खोटे बोलत होता असेही नाही. पण त्याच्या सत्याचा हेतूच कर्णाला खचविण्याचा होता.

कठोर शब्द दोघा सारथ्यांनी उच्चारले. एकाच्या शब्दांनी खाली बसलेला योद्धा उठला, आणि दुसऱ्याचे शब्द उभ्या असलेल्या योद्ध्याला खचविण्यासाठीच होते. आपण ज्याला ‘मी स्पष्ट बोलणारा आहे, मनात एक आणि ओठांवर एक असे मला जमत नाही’ म्हणून मिरवितो, ते बोलणे ह्या दोहोंपैकी कोणत्या रथावरचे आहे, हे ज्याचे त्याने तपासावे. मी माझे तपासले, आणि मी शल्याच्या जागी बसलेला आढळलो.

हिताची इच्छा असूनही बोलण्याची रीत साधली नाही, तर काम बिघडते. म्हणून रीतीचाही विचार केला पाहिजे. ह्या बाबतीत वाल्मीकींचा हनुमान हा आपला गुरू होय. किष्किंधाकांडात श्रीरामांची व त्याची पहिली भेट होते, तेव्हा त्याचे भाषण ऐकून श्रीराम लक्ष्मणाला म्हणतात की, ह्याचे बोलणे फार विस्ताराचे नाही, संदिग्ध नाही, रेंगाळलेले नाही आणि घाईचेही नाही; बोलताना ह्याच्या मुखावर, नेत्रांत, कपाळावर किंवा भुवयांत कोठेही दोष दिसला नाही. शब्दांबरोबर मुद्राही बोलत असते, हे श्रीरामांनी टिपले. पुढे सुंदरकांडात अशोकवनात वृक्षावर बसलेला हनुमान विचार करतो की, मी द्विजाप्रमाणे संस्कृत वाणी बोललो, तर ही सीता मला रावण समजून भिईल. म्हणून हिला समजेल अशी सामान्य माणसाची भाषा बोलावी. आणि मग तो एकदम पुढे न येता, प्रथम हळू आवाजात रामकथाच सांगू लागतो. आपल्याला कोणती भाषा येते ह्यापेक्षा ऐकणाऱ्याला कोणती भाषा निर्भय करील, हे त्याने आधी पाहिले. मी भाषांतरकार असल्यामुळे हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. परत आल्यावर वाट पाहत असलेल्या वानरांना त्याने प्रथम थोडक्यात काय सांगितले? सीता पाहिली, एवढेच. समुद्रलंघनाचे आपले पराक्रम त्याने मागून सांगितले. ज्या वार्तेसाठी ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागला आहे, ती आधी सांगावी. आपले पुराण मागून.

हल्ली आपल्या बोलण्याचा पुष्कळ भाग भ्रमणध्वनीवरील लिखित संदेशांनी होतो. त्यात मुद्रा नाही, स्वर नाही, थांबणे नाही. श्रीरामांनी हनुमंताच्या भुवयांत जे पाहिले, ते तेथे दिसत नाही. म्हणून तेथला कठोर शब्द दुप्पट कठोर होऊन पोचतो, आणि पुन्हा पुन्हा वाचला जातो. शंभर माणसांच्या समूहात एखाद्याची चूक दाखविणे म्हणजे भरसभेत त्याला उभे करणे होय. आपल्या विश्वरूपदर्शनाच्या अध्यायात अर्जुन भगवंतांची क्षमा मागतो, तेव्हा तो स्मरणपूर्वक म्हणतो की, थट्टेत, एकट्यात किंवा इतरांच्या समक्ष जो तुझा अनादर झाला असेल, त्याची क्षमा कर. एकट्यात आणि इतरांसमक्ष हे दोन भेद त्याने वेगळे उच्चारले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरमहाराजांनी गीतेवर जी टीका सांगितली, तिच्यात ह्या वाङ्मय तपाचे वर्णन करताना त्यांनी दोन दृष्टांत दिले आहेत. परिस लोखंडाला तोडीत नाही, त्याचे अंग घटवीत नाही, आणि तरीही त्याचे सोने करतो. तसे साधूचे बोलणे कोणाला न दुखविता सुख देते. दुसरा दृष्टांत असा की, पाटाचे पाणी सोडलेले असते झाडासाठी, पण वाटेतले गवतही त्यावर जगते. तसे एकाला उद्देशून बोललेले सर्वांच्या हिताचे होते. ह्या दुसऱ्या दृष्टांताची उलट बाजू मनात आणून पाहावी. घरात आपण एकालाच बोलतो, पण ऐकत सर्वजण असतात. थोरल्यावर ओरडलेले धाकटा ऐकतो, आणि काही चुकले तर बाबांना सांगावयाचे नाही, हा धडा तो न शिकविता शिकतो. महाराजांनी पुढे असेही म्हटले आहे की, कोणी विचारील तर असे बोलावे. एरव्ही वेदांचे किंवा भगवन्नामाचे आवर्तन करीत असावे. गीतेने वाङ्मय तपात स्वाध्यायाचा अभ्यास का घातला, ह्याचे मर्म येथे कळते. जी जीभ दिवसातून थोडा वेळ पवित्र शब्दांवर चालते, तिला अपवित्र शब्द उच्चारताना आपोआप अडखळल्यासारखे होते.

तेव्हा गृहस्थाने हे तप कसे करावे? मला जे थोडे साधले आहे आणि पुष्कळसे अजून साधावयाचे आहे, ते सांगतो. सकाळी निदान पाच श्लोकांचा मोठ्याने पाठ करावा, घाई न करता, प्रत्येक अक्षर आपल्या कानाने ऐकून. दुसऱ्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत आपले उत्तर मनात जुळवू नये. दोष सांगावयाचा असेल तर एकांतात सांगावा, एका वेळी एकच सांगावा, आणि त्याबरोबर उपाय सांगावा. ज्या दोषाचा उपाय आपल्यापाशी नाही आणि समोरच्यापाशीही नाही, तो उच्चारण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. गुण सांगावयाचा असेल तर चारचौघांत सांगावा. हाताखालच्या माणसाला काम सांगितल्यावर “काय समजले?” असे दरडावून न विचारता, “मी नीट सांगितले ना?” असे विचारावे, म्हणजे न समजल्याचा दोष त्याच्या माथी न बसता आपल्या सांगण्यावर येतो, आणि तो निर्भयपणे विचारतो. एकाचे बोलणे दुसऱ्यापाशी तिखटमीठ लावून नेऊ नये. सोळाव्या अध्यायात भगवंतांनी अपैशुन, म्हणजे चहाडी न करणे, हे दैवी संपत्तीत गणले आहे आणि पारुष्य आसुरी संपत्तीत. आणि चूक झाली तर, जेथे शब्द उच्चारला असेल तेथेच क्षमा मागावी. चारचौघांत केलेल्या अपमानाची क्षमा एकांतात मागणे, हे अर्धेच फेडणे होय.

मीही तसे केले. ज्या मंडळींपुढे ते पान धरले होते, त्यांच्याच पुढे मी सांगितले की, सुटलेला ‘न’ माझा होता, काकांना तो दिसला होता, आणि माझ्याच शब्दाने त्यांना विचारण्याची भीती वाटली. काकांची दृष्टी मंद झाली होती, हे तर खरेच होते. ते लपविण्यात कोणाचेच हित नव्हते. तेव्हा मी त्यांना एकांतात म्हणालो, “काका, बारीक अक्षरांचा त्रास तुम्ही का घ्यावा? मुद्रिते मोठ्या अक्षरांत काढू. हा नवा मुलगा मोठ्याने वाचील, तुम्ही कानाने तपासा. अर्थ कोठे अडतो ते तुमच्याइतके आम्हांला कोणालाच कळत नाही.” हेही सत्यच होते, आणि पहिल्या सत्याहून ते पूर्ण होते. काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “हे तेव्हाच म्हणाला असता तर!” मला उत्तर सुचले नाही. उत्तर नव्हतेच.

ते लगेच पूर्वीसारखे झाले, असे मी सांगणार नाही. उडालेले पाखरू त्याच फांदीवर परत येण्यास वेळ लागतो. तीन महिने समास कोरेच राहिले. नंतर एकदा सतराव्या अध्यायावरील टीकेचे माझे भाषांतर तपासावयास गेले होते. मी ‘अनुद्वेगकर’ ह्या शब्दाचा अर्थ, इतके सारे होऊनही जुन्या सवयीने, ‘गोड’ असा केला होता. पान परत आले, तेव्हा समासात थरथरत्या हाताने, मोठ्या अक्षरांत शिसपेन्सिलीने लिहिले होते: “गोड बोलणारा भिववू शकत नाही काय? येथे ‘न भिवविणारे’ असे असावे काय?”

मी तो शब्द स्वीकारला. मूळ धातूशी तोच जुळत होता.

वाचकहो, आपल्या घरात आणि आपल्या कार्यालयात कोणाचे प्रश्न बंद झाले आहेत, हे आज रात्री निजण्यापूर्वी आठवून पाहावे. पूर्वी जो मुलगा सगळे सांगत असे आणि आता “काही नाही” म्हणतो. जी पत्नी पूर्वी मतभेद बोलून दाखवी आणि आता “तुम्ही म्हणाल तसे” म्हणते. जो कारकून पूर्वी शंका विचारी आणि आता नुसती मान हलवितो. त्यांची ही शांतता आपल्याला सोयीची वाटत असेल, परंतु ती आपल्याच एखाद्या शब्दाने उडालेल्या पाखराची रिकामी फांदी असू शकेल. उद्या सकाळी त्यांच्यापाशी जाऊन प्रथम ऐकण्यापासून आरंभ करावा. कुरुक्षेत्रावर दोन सेनांच्या मध्ये, वेळ थोडा असताना, ज्या प्रभूने आधी ऐकून घेतले, तोच आपल्या हृदयात बसलेला आहे. त्याने आपल्या जिभेचेही सारथ्य करावे, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना.

श्रीकृष्णार्पणमस्तु।